पोषणतक्त्यावरून पदार्थ ओळखण्याचा पत्त्यांचा खेळ : काही महिने खेळल्यानंतर

पाकिटामागचा पोषणतक्ता कार्डावर उतरवायचा, नाव झाकायचं आणि नुसत्या आकड्यांवरून आत काय आहे ते सांगायचं, एवढाच हा खेळ. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गटात तो बरेच महिने नेमाने चालला आहे. मत थोडक्यात असं: सातवीच्या पुढच्या कुणालाही जमतो, खर्च जवळजवळ नाही, आणि सुरुवातीचा गोंधळ ओसरला की चांगलीच गोडी लागते. मात्र कार्डं नीट बनवली नाहीत तर दोन डावांत कंटाळा येतो, म्हणून आधी कार्डांचं सांगतो.

पाकीट कापून चिकटवू नका. अक्षराचं वळण, प्लास्टिकचा रंग, कोपऱ्यातली पट्टी एवढ्यावरून मुलं कंपनी ओळखतात आणि आकडे बघतच नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा पोस्टकार्डाएवढा कापा आणि हाताने लिहा. ओळी नऊ: एनर्जी, प्रोटीन, कार्बोहायड्रेट, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण फॅट, सॅच्युरेटेड फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम. ट्रान्स फॅट पाकिटावर असतं, पण बहुतेक ठिकाणी शून्यच, त्यामुळे खेळात त्याचा उपयोग नाही. प्रत्येक ओळीवर कागदाची सुटी पट्टी ठेवा. मागच्या बाजूला पदार्थाचं नाव, घटकांपैकी पहिले तीन आणि पाकिटावरची उत्पादन-तारीख लिहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, त्यामुळे पहिले तीन पुरतात. ६० कार्डांचा संच चांगला चालतो: दुधाचे १२, बिस्किटं-बेकरी १०, धान्य-डाळी १०, फरसाण ८, तेल-तूप ६, पेयं ६, बाकी किरकोळ ८. पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो, म्हणून जूनच्या आत लॅमिनेशन करून घ्या. रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर खेळायचं असेल तर पट्ट्यांना क्लिपा लावा, वारा एकही पट्टी जागेवर ठेवत नाही.

सगळे आकडे १०० ग्रॅमचेच हवेत. काही पाकिटांवर एका वेळच्या वाढपाचे आकडे ठळक असतात, ते उतरवले की कार्ड फसतं. गुणांची पद्धत साधी: सुरुवात १० गुणांनी, उघडलेल्या प्रत्येक ओळीला १ वजा, चुकीच्या उत्तराला २ वजा. कुठली ओळ उघडायची ते खेळणारा ठरवतो, आणि खरा खेळ तिथंच आहे.

पहिली ओळ एनर्जीची उघडावी, यावर आम्ही ठाम आहोत. कार्ब आणि प्रोटीन दोन्ही ग्रॅमला ४ किलोकॅलरी देतात, फॅट ९. म्हणजे फॅट नसलेला पदार्थ कितीही कोरडा असला तरी १०० ग्रॅमला ४०० च्या वर जात नाही. ४०० ओलांडलं की आत तेल, तूप, लोणी किंवा दाणे आहेतच. ३४० च्या खाली आलं की पाणी आहे, नाहीतर भरपूर फायबर. ही ४०० ची रेघ डोक्यात पक्की बसली की निम्मी कार्डं बाजूला पडतात. ४० च्या आसपास गोड पेयं, ६० ते ९० मध्ये दूध, अडीचशे ते तीनशेत श्रीखंड, ब्रेड, जॅम, पनीर, साडेतीनशेला कोरडं धान्य आणि डाळी, साडेचारशेला बिस्किटं, साडेपाचशेला शेव, वेफर्स, शेंगदाणे, ७२० ला लोणी, ९०० ला तेल. एक फसवी जागा इथं आहे: तेल लिटरवर विकतात, त्यामुळे तक्ता १०० मिलिलिटरचा असू शकतो. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तिथं फॅट ९१-९२ आणि एनर्जी ८२०-८३० दिसते. नवा माणूस ‘लोण्यापेक्षा जास्त, तेलापेक्षा कमी’ म्हणत अडकून बसतो.

दुधाची कार्डं आमच्याकडे फार सोपी ठरतात. करवीर-कागलकडच्या घरांत दूध संस्थेची फॅट-एसएनएफची (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) पावती रोज हातात येते, तिथं ६ फॅट म्हटल्यावर फुल क्रीम आणि ३ म्हटल्यावर टोन्ड हे शेंबडं पोरही सांगतं. बाकीच्यांसाठी खूण अशी: कार्ब पाचच्या आतबाहेर, साखर जवळजवळ तेवढीच, आणि वरून घातलेली साखर शून्य. हीच तीन घरं श्रीखंडात बघा: साखर ४० च्या आसपास आणि बहुतेक सगळी घातलेली.

चिक्कीचं कार्ड मात्र प्रत्येक गटाला एकदा तरी द्याच. एनर्जी ४९६, प्रोटीन १३, कार्ब ५६, फॅट २४.५. रेघ ओलांडली, म्हणजे फॅट आहे. सॅच्युरेटेड कमी आणि कोलेस्टेरॉल शून्य, म्हणजे दूध-तूप नाही, वनस्पतीचंच काहीतरी. बिस्किटात प्रोटीन साताच्या आसपास असतं, इथं दुप्पट आहे. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला फॅट साधारण ४९ आणि प्रोटीन २६ असतं. दोन्ही आकडे बरोबर निम्म्यावर आलेत. मग उरलेला अर्धा भाग जवळजवळ नुसत्या कार्बचा, म्हणजे गूळ किंवा साखर. पदार्थ तर ओळखलाच, प्रमाणही निम्मंनिम्मं असल्याचं कळलं. याच वाटेने भडंगही सुटतं: चुरमुऱ्यात फॅट नगण्य, त्यामुळे आकड्यात दिसतं ते सगळं तेलाचं आणि दाण्यांचं.

काही आठवड्यांनी आकडे पाठ होतात, हा खेळाचा खरा दोष. त्यावर उपाय जोड-डावाचा. दोन कार्डं शेजारी ठेवायची, दोन्ही नावं सांगायची, कुठलं कुठलं ते एकाच ओळीवरून ठरवायचं. उडदाची डाळ आणि उडदाचा पापड: सोडियम उघडा, पापडात मीठ आणि पापडखार दोन्हींतून ते येतं आणि हजार मिलिग्रॅमच्या पुढे जातं. पनीर आणि प्रोसेस्ड चीज: पुन्हा सोडियम. साजूक तूप आणि वनस्पती तूप: कोलेस्टेरॉल. आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट: कोलेस्टेरॉलच, कारण दुसऱ्यात वनस्पतीचं तेल असतं. बदाम आणि शेंगदाणे या जोडीत बहुतेकजण प्रोटीन जास्त ते बदाम धरतात आणि हरतात. बदामात २१ च्या आसपास, शेंगदाण्यात २५-२६.

तांदूळ, पोहे आणि चुरमुरे मात्र आकड्यांवरून वेगळे करता येत नाहीत, तिघंही तांदूळच. तिथं ‘तांदळाचा पदार्थ’ एवढ्या उत्तराला निम्मे गुण द्या, वाद घालू नका. रवा वेगळा निघतो, प्रोटीन १० च्या वर असतं. साबुदाणाही निघतो, कार्ब ८७ च्या घरात आणि प्रोटीन जवळजवळ नाही.

कार्ड संचात घेण्याआधी बेरीज तपासा: प्रोटीन गुणिले ४, कार्ब गुणिले ४, फॅट गुणिले ९. छापील एनर्जीपेक्षा २० हून जास्त फरक आला तर आधी फायबर बघा. ते कार्बमध्येच धरलेलं असेल तर त्याला ४ ऐवजी २ ने गुणा. तरीही जुळलं नाही तर कार्ड टाकून द्या. छोट्या उत्पादकांच्या फरसाणाच्या काही पाकिटांवर ही बेरीज शंभरानेही चुकलेली सापडते, आणि अशा कार्डावर नीट विचार करणाराच हरतो. युरोपातून आलेल्या चॉकलेटवर सोडियमऐवजी मीठ लिहिलेलं असतं: १ ग्रॅम मीठ म्हणजे ४०० मिलिग्रॅम सोडियम. तिथल्या कार्बमध्ये फायबर धरत नाहीत, हेही लक्षात ठेवा. रेडी-मिक्सचा तक्ता बहुधा कोरड्या पिठाचा असतो. गुलाबजामच्या मिक्सचं कार्ड केलं तर उत्तर ‘मिक्स’ असंच लिहा, पाक त्यात नाही.

एक उणीव राहतेच. गूळ, साखर, मीठ, मसाले यांना तक्ता छापण्याची सक्ती नाही, त्यामुळे शाहूपुरीचा गूळ आणि कांदा-लसूण मसाला बऱ्याचदा खेळाबाहेर राहतात. मिसळ आणि तांबडा-पांढरा रस्सा तर पाकिटातच नसतात. कोल्हापूरच्या माणसाला हे खटकतं.

कंपन्या कृती बदलतात, म्हणून वर्षातून एकदा मागच्या तारखा बघून जुनी कार्डं नव्या पाकिटांशी ताडून घ्या. त्याला दिवाळीचा मोसम बरा, फराळाची पाकिटं तेव्हा सगळीकडे मिळतात. चकली आणि शेव ही जोडी संचात नसेल तर तेव्हाच घाला. दोन्ही तळलेल्या, एनर्जी आणि फॅट जवळपास सारखं. शेवेत बेसन म्हणून प्रोटीन चढं, भाजणीच्या चकलीत तांदूळ जास्त म्हणून कार्ब चढं.