भरलेल्या खोल्या बघून घर घेतलं

लातूरला ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत आठ खोल्यांचं जुनं घर घेतलं. खोलीत दोन पोरं, पोरामागे अडीच हजार, म्हणजे महिन्याला ४०,००० भाडं. हा हिशेब मालकानेच वहीत मांडून दाखवला. "डिपॉझिट काही घेतलेलं नाही, पोरं आपल्याच भागातली," हेही त्यानेच सांगितलं. मी पोरांना विचारलंच नाही. अभ्यासाला बसली होती, कशाला उठवायचं!

जानेवारीत खरेदीखत झालं. घराच्या तीस वर्षांच्या जुन्या व्यवहारांचा शोध (सर्च), पीआर कार्ड म्हणजे मालमत्ता पत्रक, घरपट्टी, लाइटबिल, सगळं वकिलाकडून बघून घेतलं होतं. कागद चोख. डिपॉझिटचा मात्र कागदच नव्हता.

मेच्या पहिल्या रविवारी मेडिकलची 'नीट' परीक्षा झाली आणि सोमवारी सकाळी पोरं बॅगा भरून दारात. "काका, डिपॉझिट." प्रत्येकाचे १०,०००, भाडं देणाऱ्या बारा जणांचे १,२०,०००. जुन्या मालकाला फोन लावला. "मी दमडी घेतली नाही, पोरं लबाड बोलायलीत." परभणीकडचा एक बाप मुलाला न्यायला आला होता. त्याने गुपचूप मोबाइल पुढे केला. पैसे मालकाच्या भाच्याच्या खात्यावर गेले होते.

मग वकिलाने भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ समजावलं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं, ते खोटं असल्याचं मालकाने सिद्ध करायचं. ही माहिती मला सौद्याआधी हवी होती. पैसे मीच दिले. त्या बापाच्या तोंडाकडे बघून वाद घातला नाही.

तेव्हा भाडेकरूंसकट घर घेत असाल तर मालकाला आणि एजंटला गल्लीच्या तोंडाशी थांबवा आणि खोल्यांत एकटे जा. कोणी किती डिपॉझिट दिलं, कोणाच्या खात्यावर, ते लिहून सह्या घ्या. तेवढी रक्कम किमतीतून कापा आणि खरेदीखतात तसा उल्लेख करा. भाड्याचा आकडाही पोरांकडूनच घ्या. माझ्या दोन खोल्यांत मालकाचे नातेवाईक फुकट राहत होते.

बोअरचं तर सांगायलाही लाज वाटते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर, आणि मी बोअर बघितलं दिवाळीत! तेव्हा दोन इंच पाणी होतं. मार्चपासून टँकर चालू. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "दरसालचंच आहे, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

परवा तोच एजंट त्याच गल्लीत एका जोडप्याला घर दाखवत होता. पाऊस नुकताच उघडलाय, बोअर भरलंय, भिंतींना ताजा रंग आहे.