पद्मिनी रस्त्यात बंद पडते: आधी कार्बोरेटर खोलायचा की करंट तपासायचा?

आमच्या प्रीमियर पद्मिनी या जुन्या पेट्रोल गाडीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, एका उन्हाळ्यात तीनदा खोलला गेला. तिन्ही वेळा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) साफ झाले, पॅकिंग बदललं, आणि तिन्ही वेळा कसारा घाट चढताना गाडी पुन्हा गप्प झाली. दोष अखेर कंडेन्सरमध्ये निघाला, म्हणजे प्लगला करंट देणाऱ्या यंत्रणेतल्या एका छोट्या भागात. अंगठ्याएवढी वस्तू, किंमत कार्बोरेटरच्या एका सर्व्हिसिंगपेक्षाही कमी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. या गाड्या नुसत्या आवाजावरून ओळखणारे मिस्त्री आता शोधावे लागतात, त्यामुळे पैसे आधी कुठे घालायचे हे मालकालाच ठरवावं लागतं.

आधी आठवा, गाडी नेमकी कशी बंद पडते. पेट्रोल कमी पडलं की ती सहसा सांगून थांबते. आचके देते, ओढ जाते, चोक थोडा ओढला तर क्षणभर सावरते. करंट तुटला तर चावी फिरवल्यासारखी एकदम बंद. खड्ड्यात आपटल्यावर असं होत असेल तर कॉइलची (करंटचा दाब वाढवणाऱ्या भागाची) जोडणी, इग्निशन स्विच आणि डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाच्या) आतली बारीक वायर बघा. फक्त सिग्नलला थांबल्यावर बंद पडते आणि पळताना ठणठणीत असते? मग कार्बोरेटरवरचा संशय रास्त आहे: स्लो जेटमध्ये (इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या छिद्रात) कचरा आहे किंवा खालच्या पॅकिंगमधून हवा ओढली जातेय.

खरी पंचाईत गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीची. एसी पंप, म्हणजे इंजिनाच्या जोरावर चालणारा पेट्रोलचा पंप (एअर कंडिशनरशी त्याचा संबंध नाही), इंजिनालाच बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढणीच्या बाजूला दाब कमी, त्यात उष्णता, म्हणून पाइपातच पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ नीट ढकलू शकत नाही. दुसरीकडे कंडेन्सर किंवा कॉइलच्या आतलं इन्सुलेशन तापलं की दगा देतं. मग पॉइंटवर (डिस्ट्रिब्युटरमधल्या, करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) ठिणग्या उडतात आणि प्लगला करंट कमकुवत पोहोचतो. अर्धा तास थांबलं की दोन्ही दोष आपोआप बरे होतात. गॅरेजपर्यंत गाडी थंड होऊन जाते, तिथे काहीच सापडत नाही, आणि मग डोळ्यांसमोर दिसणारा कार्बोरेटर खोलला जातो.

म्हणून तपासणी बंद पडल्या जागी, पहिल्या पाच मिनिटांत करायची. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद असतानाच एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत अॅक्सिलरेटरची दांडी हलवा. पेट्रोलची बारीक धार आली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरच्या छोट्या कुंडीत) पेट्रोल आहे, करंटकडे वळा. धार आलीच नाही तर टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि थोडं सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. तसं नसेल तर पंपावर ओलं फडकं ठेवा. त्याने गाडी सावरली तर वाफच अडली होती. नाहीच सावरली तर पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा), फिल्टर आणि टाकीतला गंज तपासून घ्या.

करंटसाठी फिल्टर परत बसवून, कार्बोरेटरपासून लांब, प्लगच्या वायरला जादा प्लग लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि सेल्फ मारा. प्लगची वायर इन्सुलेटेड पक्कडीनेच धरा. जवळ पेट्रोल सांडलेलं नको. निळी, चटचट वाजणारी ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी असेल तर कंडेन्सर बदलून बघा, पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या मधे आणा. तरीही तसंच राहिलं तर कॉइल.

खर्चाचं म्हणाल तर माझा कौल स्पष्ट आहे: आधी पॉइंट-कंडेन्सर, मग पेट्रोलच्या रबरी नळ्या, आणि कार्बोरेटर शेवटी. नळ्यांबाबत चालढकल करू नका. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं आणि टाकीतला साठलेला मळ सुटा करून पुढे पाठवतं. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणि पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावा.

इलेक्ट्रिक पंप लावण्याचा सल्ला हमखास मिळेल. वाफेवर तो उपाय आहे, पण फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या नव्या) गाडीचा पंप मुळीच नको. त्याचा दाब तीन बारच्या आसपास, आपला एसी पंप जेमतेम पाव बारचा. फ्लोटची निडल (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी सुई) तो दाब अडवू शकत नाही, पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडतं. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं मला जास्त पटतं, रोज गाडी वापरणाऱ्याला तर नक्कीच.

महिन्यातून दोनदा बाहेर काढणार असाल तर पॉइंटच ठेवा. मात्र नवा कंडेन्सर बसवलात तरी चालू स्थितीतला जुना फेकू नका. नवे कधीकधी पहिल्याच घाटात जातात. माझ्या डिकीत स्क्रू ड्रायव्हरशेजारी असा एक कायम असतो.