अर्ध्या चेहऱ्याचे आचके आणि बोटॉक्स : चौदा महिन्यांचा अनुभव

डाव्या डोळ्याची खालची पापणी फडफडू लागली, तेव्हा बाईमाणसाचा डावा डोळा लवणे शुभच, असे सांगून सासूबाईंनी माझी समजूत घातली होती. हे शुभ वर्षभर टिकले. आचके पापणीवरून गालावर आणि तिथून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरले, झोपेतही थांबेनात, आणि फोंड्याच्या शाळेत सातवीला शिकवताना डोळा मिटला की मागच्या बाकांवर खसखस पिकू लागली. पहिल्या डॉक्टरांनी अशक्तपणा ठरवून सहा महिने जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, त्याचा राग अजून गेलेला नाही.

पणजीला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवल्यावर ‘हेमिफेशियल स्पाझम’ हे नाव कळले. मेंदूच्या बुंध्यातून सातवा मज्जातंतू जिथे बाहेर पडतो, तिथे एक धमनी त्याला घासत असल्याचे एमआरआयमध्ये दिसले. कार्बामाझेपिन या मज्जातंतू शांत करणाऱ्या औषधाने आचके थोडे कमी झाले. पण फळ्यावर लिहितानाही पेंग येऊ लागली, म्हणून डॉक्टरांनीच ते हळूहळू बंद केले.

मग बोटुलिनम टॉक्सिनची, म्हणजेच बोटॉक्सची, इंजेक्शने सुरू झाली. हे औषध मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवते, मूळ दाब मात्र हटवत नाही. सुरकुत्यांसाठी ते प्रसिद्ध असल्यामुळे शिक्षक-खोलीत मला बरेच टोमणे ऐकावे लागले. वास्तविक अमेरिकेत पापण्यांच्या आचक्यांसाठी त्याला 1989 मध्येच मान्यता मिळाली होती आणि सुरकुत्यांसाठी ती 2002 मध्ये मिळाली. बारीक सुईने डोळ्याभोवती आणि गालावर टोचतात. पाच-सात मिनिटांचे काम असते. पापणीजवळची टोचणी झोंबते, डोळ्यात पाणी येते, पण सहन होते. मला चौथ्या दिवशी फरक जाणवला आणि दुसऱ्या आठवड्यात चेहरा इतका शांत झाला की मीच आरशासमोर वाट पाहत उभी राहिले.

दुसऱ्या खेपेला ओठाजवळचे आचकेही पूर्ण जावेत म्हणून मी हट्टाने मात्रा वाढवून घेतली, ती चूक माझी. तोंडाचा डावा कोपरा उतरला, चूळ भरताना पाणी हनुवटीवरून ओघळू लागले, आणि ‘प’, ‘फ’ उच्चारताना वारा निसटू लागला. डोळा नीट मिटत नसल्याने रात्री मलम घालून पापणीवर पट्टी लावावी लागे. पाच आठवड्यांनी हे ओसरले. तेव्हापासून ओठाजवळ थोडा आचका राहू द्यायचा, असे आम्ही ठरवले आहे.

परिणाम मला साधारण साडेतीन महिने पुरतो. शेवटच्या पंधरवड्यात पापणी पुन्हा फडफडू लागते. मी वहीत तारीख, औषधाचे नाव आणि युनिट (मात्रेचे माप) लिहून ठेवते, कारण एका कंपनीची युनिटे दुसऱ्या कंपनीच्या युनिटांशी सरळ जुळत नाहीत. एकदा दवाखाना बदलावा लागला, तेव्हा ही वहीच कामाला आली.

कानामागून कवटी उघडून धमनी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवण्याची शस्त्रक्रिया हाच मुळावरचा उपाय आहे आणि बहुतेकांचे आचके तिने थांबतात. पण त्या बाजूचे ऐकू येणे जाण्याचा धोका असतो. आवाजावर वर्ग सांभाळणाऱ्या मला तो आज पत्करायचा नाही. धाकट्या वयाच्या माणसाने, दर चार महिन्यांचा खर्च मांडून, याचा विचार जरूर करावा. पुढची इंजेक्शने मी चवथीच्या तीन आठवडे आधी घेणार आहे.