पहिली प्लेटेस्ट: घरच्या टेबलावर की कन्व्हेन्शनमध्ये?

रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्र होऊन बोलत खेळायचा खेळ, लिहून झालाय. वीस-पंचवीस पानांचा मसुदा आहे, कोणते फासे वापरायचे ते ठरलंय, कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती भरायच्या कागदांच्या, झेरॉक्स काढून आणल्यात. आता तो खेळवून पाहायचा, म्हणजेच प्लेटेस्ट. गोव्यात, फोंड्यात घरी रविवारी नेहमीच्या चौघांना बोलवावं, की मुंबईच्या एखाद्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे खेळांच्या मेळाव्यात, टेबल मिळवून अनोळखी माणसांपुढे मांडावा? गेल्या दोन वर्षांत मी दोन्ही करून पाहिलं.

माझा खेळ दशावतार या लोकनाट्याच्या मंडळावर आहे. खेळाडू म्हणजे मंडळातले नट: राजे रंगवणारा राजपार्टी, बायकांच्या भूमिका करणारा स्त्रीपार्टी, संकासुर राक्षस होणारा. एका रात्रीत आख्यान उभं करायचं आणि पडद्यामागची भांडणं, उधाऱ्या, आजारपणंही निभावून न्यायची. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावरच जुळवत जातात. टेबलाभोवती बसून खेळायच्या या प्रकारात तेच तर करायचं असतं.

घरच्या टेबलाची ताकद एकच, पण फार मोठी: तीच माणसं पुन्हा येतात. माझ्या खेळात एक नट दुसऱ्याकडून उसनं घेऊ शकतो आणि ती उधारी पुढच्या रात्री वसूल होते. पहिल्या दोन रविवारी हा नियम झकास चालला. तिसऱ्या रविवारी सगळेच राजपार्टीचे देणेकरी होऊन बसले आणि राजपार्टी खेळणाऱ्या मित्राला करायला काही उरलं नाही. त्यानं मागितलं की मिळत होतं, नाट्यच संपलं. हा दोष तीन आठवड्यांनी वर आला. दीड-दोन तासांच्या टेबलावर तो कधीच दिसला नसता.

पण घरची माणसं एक गोष्ट नकळत करतात. ती तुमच्या लिखाणातली भोकं स्वतः बुजवतात. माझ्या मसुद्यात वाक्य होतं, ‘संकट आलं की फासा टाका.’ घरी मी नुसतं समोरच्याकडे पाहायचो, की तो फासा उचलायचा. सहा वेळा खेळलो, कुणालाच अडलं नाही. मुंबईत एका मेळाव्यात कॉलेजातली एक मुलगी माझ्या टेबलावर बसली. फासा हातात घेऊन ती थांबली. ‘संकट आलंय हे ठरवायचं कुणी? मी, की तुम्ही?’ तिनं पान उलटलं, मागच्या पानावरून बोट फिरवलं, पुन्हा पहिल्या पानावर आली. उत्तर कुठेच नव्हतं. ते माझ्या नजरेत होतं, आणि नजर काही पुस्तकाबरोबर विकत देता येत नाही. तिथे मी तोंडी उत्तर देऊन मोकळा झालो, ही माझी दुसरी चूक. गप्प राहिलो असतो तर तिनं आपला अर्थ लावला असता आणि तो मला कळला असता.

म्हणून माझं मत असं: खेळ टिकतो का, हे घरी कळतं. खेळ तुमच्याशिवाय सुरू होतो का, हे अनोळखी माणसांपुढे कळतं. आज तुम्हाला यातलं काय विचारायचंय, त्यावर जागा ठरवा.

कन्व्हेन्शनला जायचं ठरलं तर वेळेचा हिशेब आधी करा. अमेरिकेतलं जेन कॉन हे कन्व्हेन्शन १९६८ पासून भरतंय आणि तिथे रोलप्लेइंगचा स्लॉट, म्हणजे एका खेळाला मिळणारा वेळ, साधारण चार तासांचा असतो. आपल्याकडे, मुंबईच्या मीपलकॉनसारख्या ठिकाणी, भर बोर्डगेमवर. बोर्डगेम खेळायला आलेला माणूस तास-दीड तास मनात धरून बसतो, असा माझा अनुभव. पूर्ण आख्यान तिथे नेऊ नका. नव्वद मिनिटांचा एकच प्रसंग कापून न्या, पात्रं आधीच भरून ठेवा, आणि विचारायचा प्रश्न एकच ठेवा. नाव, जात, गाव, पूर्वेतिहास भरण्यात चाळीस मिनिटं गेली तर तुम्ही फक्त फॉर्म तपासलात.

अनोळखी माणसं एकत्र बसणार असतील तर टेबलाच्या मधोमध एक्स-कार्ड ठेवाच. जॉन स्टॅव्रोपुलोस यांची ही कल्पना: कार्डावर मोठी फुली, कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. माझ्या खेळात एका नटाचं दारूचं व्यसन येतं. एका गृहस्थांनी शांतपणे कार्डावर बोट ठेवलं आणि आम्ही पुढे गेलो. घरी कुणाला काय सोसवत नाही हे मला माहीत असतं. तिथे ते कळायचा दुसरा मार्ग नाही.

लोकांच्या शेऱ्यांपेक्षा मी घड्याळ जास्त टिपतो. कितव्या मिनिटाला पहिला मोबाईल बाहेर आला, कितव्या मिनिटाला खेळाडू एकमेकांशी पात्राच्या आवाजात बोलू लागले. ‘छान आहे’ हे सगळेच म्हणतात.

खर्चाचं म्हणाल तर मुंबई आवाक्यात आहे. संध्याकाळी मडगावहून किंवा थिवीहून कोकणकन्या पकडली की सकाळी तिथे. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाऊनमध्ये २०११ साली सुरू झालेलं मेटाटोपिया खास अपूर्ण खेळांच्या चाचणीसाठी भरतं, आणि तिथे समोर बसणारे बरेचसे स्वतः डिझायनर असतात. कल्पना फार चांगली. पण पहिल्या खेळासाठी व्हिसा आणि विमानाचा खर्च करू नका.

भाषेचा प्रश्न मात्र पैशांहून मोठा आहे. माझा मसुदा मराठीत आहे. मुंबईच्या टेबलावर निम्म्या लोकांसाठी मला इंग्रजी शीट न्याव्या लागल्या, आणि मग कळेना की लोक अडखळतायत ते नियमापाशी की माझ्या भाषांतरापाशी. तुमचा खेळ मराठीत असेल तर अनोळखी माणसं आधी गोव्यातच शोधा. आमच्या गावच्या देवळात दरवर्षी उत्सवी नाटक होतं. त्यातल्या चौघांना मी तालमीनंतर थांबवलं. त्यांनी उभ्या आयुष्यात वीस बाजूंचा फासा पाहिला नव्हता, पण पात्रात शिरायला त्यांना दोन मिनिटं लागली. सरावलेले गेमर जिथे ‘मी त्याला समजावतो’ एवढंच म्हणून फासा टाकतात, तिथे हे लोक समजावणीचं अख्खं भाषण करून मोकळे. फासे टाकायची वेळच येईना. माझा एक नियम त्या रात्री रद्द झाला.

आणखी एक वाट बिनखर्चाची आहे. मसुदा दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि आपण तोंड उघडायचं नाही. बेळगावच्या माझ्या मावसभावाला मी फाईल पाठवली, त्याने आपल्या मित्रांबरोबर खेळून आवाज रेकॉर्ड करून पाठवला. अकराव्या मिनिटाला तो म्हणतो, ‘थांबा, हे मला परत वाचू दे.’ तो परिच्छेद मी चार वेळा लिहिला. या पद्धतीत चेहरे आणि हात दिसत नाहीत, पण कन्व्हेन्शनमधून जे मिळतं त्यातलं बरंचसं घरबसल्या मिळतं.

एका रात्रीत संपणारा खेळ असेल तर घरी दोनदा, एकदा असा तोंड मिटून, आणि मग मुंबईचं तिकीट. महिनोन्‌महिने चालणारा असेल तर निदान सहा रविवार घरीच काढा, आणि कन्व्हेन्शनला फक्त पहिला प्रसंग न्या. निघताना पेन्सिली जास्त घ्या आणि शीटच्या दुप्पट प्रती. खेळाडूंनी काय खोडलं आणि समासात काय लिहिलं, तेच परतीच्या गाडीत वाचायचं असतं.