सिंपल, झायवू की डिव्हाइस: काउंटर-स्ट्राइकमध्ये सर्वांत मोठा कोण?

काउंटर-स्ट्राइक या कॉम्प्युटरवरच्या गोळीबाराच्या खेळातला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा वाद फिरून फिरून तीन नावांवर येतो. युक्रेनचा ओलेक्सांद्र कोस्तिलिएव्ह, म्हणजे सिंपल. फ्रान्सचा मॅथ्यू एर्बो, म्हणजे झायवू. आणि डेन्मार्कचा निकोलाय रीड्झ, म्हणजे डिव्हाइस. तुम्ही हा खेळ अलीकडेच बघायला लागला असाल, मित्रांच्या ग्रुपवर रोज रात्री याच्यावरून जुंपत असेल आणि कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते ठरत नसेल, तर हे तुमच्यासाठी. मी स्वतः २०१६ पासून सिंपलचा होतो. आता नाही. का, ते सांगतो.

स्वीडनचे गेटराइट आणि फॉरेस्ट इथे का नाहीत, असं जुनी मंडळी विचारतील. २०१२-१३ मध्ये त्यांच्या संघाने लॅनवर, म्हणजे एकाच ठिकाणी समोरासमोर बसून, सलग ८७ मॅप (एका मैदानावरचा पूर्ण डाव म्हणजे मॅप) जिंकले होते, ते मी विसरलेलो नाही. २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं ब्राझीलचा कोल्डझेराच जगाच्या क्रमवारीत पहिला होता, तेही खरं. पण या सगळ्यांचा बहर दोन-चार वर्षांचा. वरचे तिघं त्याहून लांब टिकले, म्हणून तुलना त्यांचीच.

आधी बंदुकीबद्दल बोलू, कारण तिघांच्या हातात मुख्यतः एकच बंदूक असते: ऑप, म्हणजे दुर्बीण लावलेली लांब पल्ल्याची बंदूक. पाय सोडून कुठेही लागली तर एका गोळीत माणूस आडवा. आम्ही १.६ ही जुनी आवृत्ती खेळायचो तेव्हा तिला मॅग्नम म्हणायचो, आणि आमच्या कॅफेत मॉनिटरच्या वर कागद चिकटवलेला असायचा: ‘मॅग्नम घ्यायची नाही.’ तासाचे पैसे भरून आलेल्या पोरांना दर दहा सेकंदांनी मरायचं नसायचं, म्हणून तो नियम. व्यावसायिक खेळात हे बंधन पैसा घालतो, म्हणजे बंदुका घ्यायला खेळाच्या आत मिळणारा पैसा. ऑप ४,७५० डॉलरची, एके-४७ २,७०० ची. रायफलने एक माणूस मारला की ३०० डॉलर मिळतात, ऑपने मारला की फक्त १००. म्हणजे ऑपवाला मेला आणि बंदूक गेली की पुढच्या फेरीत अख्ख्या संघाच्या खिशाला भोक. त्यामुळे ऑपवाल्याला जोखताना दोन गोष्टी बघाव्या लागतात: त्याने किती मारले, आणि ती महागडी बंदूक किती वेळा हातची घालवली.

या दुसऱ्या कसोटीवर डिव्हाइससारखा कुणी नाही.

त्याच्या नावावर चार मेजर, म्हणजे या खेळाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, आहेत: २०१७ ला अटलांटा, २०१८ ला लंडन, २०१९ ला कातोवित्से आणि बर्लिन. शेवटचे तीन सलग. अ‍ॅस्ट्रॅलिसच्या आधी कुठल्याही संघाला हे जमलं नव्हतं. २०१७ पूर्वी याच मुलांना लोक ‘मोक्याच्या क्षणी कच खाणारे’ म्हणायचे. संघाने मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली आणि अटलांटाच्या अंतिम सामन्यात व्हर्टस प्रोला शेवटच्या मॅपवर १६-१४ ने हरवलं. त्यानंतरचा डिव्हाइस बघा. एक गोळी मारतो, कोपऱ्यामागे सरकतो, दुसरीकडून डोकावतो. जिथे सिंपल ‘अजून एक’ म्हणून पुढे जाईल तिथे हा मागे येतो. दिसायला साधं वाटतं, पण स्वतः ऑप घेऊन खेळून बघा. पहिला माणूस पडल्यावर मागे फिरायला जे आवरावं लागतं ते भल्याभल्यांना जमत नाही.

मग तो माझा पहिला का नाही? अ‍ॅस्ट्रॅलिसची फेकाफेक इतकी बसलेली होती की स्मोक (धुराचे बॉम्ब) आणि फ्लॅश (डोळे दिपवणारे बॉम्ब) पडून होईपर्यंत डिव्हाइससाठी जागा तयार असायची. त्या जागेचं त्याने सोनं केलं हे खरं, पण जागा संघाची होती. एप्रिल २०२१ मध्ये तो स्वीडनच्या निंजाज इन पजामाजकडे गेला, २०२२ च्या शेवटी अ‍ॅस्ट्रॅलिसमध्ये परतला, आणि या सगळ्यात पाचवा मेजर आला नाही. शिवाय एचएलटीव्ही ही या खेळाची मुख्य साइट २०१० पासून दरवर्षी वीस जणांची क्रमवारी काढते, तिच्यात डिव्हाइस एकदाही पहिला आलेला नाही. अ‍ॅस्ट्रॅलिसने जग जिंकलं त्या २०१८ मध्येसुद्धा पहिला सिंपल होता, डिव्हाइस दुसरा.

ते वर्ष नीट समजून घ्या, सिंपलची सगळी केस तिथे आहे. लंडन मेजरच्या अंतिम सामन्यात अ‍ॅस्ट्रॅलिसने सिंपलच्या नाव्हीला २-० ने हरवलं. डिव्हाइसच्या हातात ट्रॉफी, स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदकही त्यालाच. तरी वर्षअखेरीला सर्वोत्तम ठरला तो हरलेल्या संघातला सिंपल. नाव्ही त्या वर्षी अ‍ॅस्ट्रॅलिसच्या पासंगालाही पुरत नव्हता, आणि त्या संघाला हा मुलगा जवळजवळ खांद्यावर घेऊन अंतिम फेरीत न्यायचा.

मी त्याचा झालो तो २०१६ च्या कोलोन मेजरमध्ये. तेव्हा तो लिक्विडकडून खेळायचा, वय १८. उपांत्य सामना, समोर स्वीडनचा फ्नॅटिक, मॅप कॅश. बी साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एकीवर, सिंपल एकटा उरलेला, समोर दोघं. तो वरच्या मचाणावरून खाली उडी घेतो आणि हवेत असतानाच, दुर्बिणीतून न बघता, ऑपची गोळी सोडतो. पहिला पडतो. जमिनीवर पाय टेकतात आणि पुन्हा दुर्बीण न लावता दुसरी गोळी. दुसराही पडतो. मी ते सात-आठ वेळा मागे घेऊन बघितलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं की व्हिडिओच मध्ये तुटलाय. पुढे खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्या जागी मॅपमधल्या भिंतीवर त्या क्षणाचं चित्र काढलं. तुम्ही जुन्या कॅशवर खेळला असाल तर त्या चित्राजवळून कितीदा तरी धावत गेला असाल.

त्याच सिंपलने २०२१ मध्ये स्टॉकहोम मेजर जिंकला आणि नाव्हीने अख्ख्या स्पर्धेत एकही मॅप गमावला नाही. त्याआधी मेजरमध्ये असं कुणी केलं नव्हतं. २०१८, २०२१ आणि २०२२ अशी तीन वर्षं तो पहिला, मधल्या दोन वर्षांत दुसरा. सलग पाच वर्षं पहिल्या दोघांत. सुरुवातीच्या काळात सहकाऱ्यांवर भडकण्यासाठी तो बदनाम होता. स्टॉकहोमपर्यंत तो बदलला होता, आणि खेळाडू म्हणून त्याची ही वाढ मला गोळ्यांइतकीच मोठी वाटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याच आठवड्यात कातोवित्सेच्या मंचावर उभं राहून तो शांततेबद्दल बोलला. त्याच्या संघात तेव्हा रशियन मुलंही होती. त्या दिवसानंतर तो संघ तसा राहिला नाही.

आता झायवू. त्याची गोष्ट आपल्याकडच्या आईबापांना आवडेल: व्यावसायिक संघांकडून बोलावणी येत असताना हा मुलगा आधी शाळा पूर्ण करायची म्हणून थांबला. मग २०१८ च्या अखेरीस फ्रान्सच्या व्हिटॅलिटी संघात आला आणि पहिल्याच पूर्ण वर्षात, म्हणजे २०१९ मध्ये, जगात पहिला ठरला. २०२० मध्ये पुन्हा पहिला. २०२३ मध्ये तिसऱ्यांदा पहिला येऊन त्याने सिंपलची बरोबरी केली, आणि तेव्हा त्याचं वय २३ होतं.

त्याच्या खेळात कॅशवरच्या त्या उडीसारखं काही शोधायला जाल तर हाती फारसं लागणार नाही. मला त्याची किंमत कळायला वेळ लागला तो यामुळेच. ऑप त्याची मुख्य बंदूक, पण एके हातात दिली तरी तो तितकाच घातक. पैसे नाहीत म्हणून पिस्तुलावर खेळायची वेळ आली तरी त्याची धार कमी होत नाही. वर सांगितलेला खिशाचा हिशोब इथे लावून बघा. जो खेळाडू ऑपवाचूनही तेवढाच चालतो, त्याच्या संघाला गरिबीच्या फेऱ्यांतही आशा असते. सिंपलही सगळ्या बंदुकांत तयार होता, वाद नाही. पण झायवूचा वाईट दिवससुद्धा इतरांच्या बऱ्या दिवसासारखा असतो, आणि असं मी सिंपलबद्दल २०१८ नंतरच म्हणू शकलो असतो.

‘मेजर मोजा आणि मोकळे व्हा’ असं काही जण म्हणतात. हा रस्ता सोपा आहे, पण चुकीचा. सर्वाधिक पाच मेजर जिंकणारा खेळाडू आहे डेन्मार्कचा डुप्री. चार अ‍ॅस्ट्रॅलिसमध्ये, डिव्हाइसच्या शेजारी बसून. पाचवा २०२३ ला पॅरिसमध्ये, झायवूच्या शेजारी बसून. डुप्री फार चांगला खेळाडू, पण त्याला सर्वांत मोठा म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. दुसरं, स्टॉकहोमचा अंतिम सामना आठवा. न्यूक या मॅपवर समोरच्या जी-टू संघाच्या निकोकडून डेझर्ट ईगलची एक सोपी गोळी हुकली. लागली असती तर तो मॅप बहुधा जी-टूचा झाला असता. हुकली, मॅप लांबला आणि नाव्हीने तो २२-१९ ने नेला. सिंपलच्या नावावरचा एकमेव मेजर तो. दुसऱ्या माणसाच्या पिस्तुलातून सुटलेल्या एका गोळीवर सिंपलची थोरवी ठरत असेल, तर ते माप मला मान्य नाही.

काळही बघायला हवा. सप्टेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२१ या काळात कोरोनामुळे एकही मेजर झाला नाही. ही दोन वर्षं सिंपलच्या आणि झायवूच्याही भरात होती. झायवूचं २०२० बरंचसं घरून, ऑनलाइन खेळलं गेलं, त्यामुळे त्या वर्षाला थोडं कमी वजन द्यावं असं मलाही वाटतं. लॅनवर समोरचा दहा फुटांवर बसलेला असतो आणि मागे हजारो लोक ओरडत असतात. तो दबाव घरच्या खोलीत येत नाही.

मग माझं मन बदललं कशामुळे? २०२३ च्या शरद ऋतूत खेळच बदलला. काउंटर-स्ट्राइक २ आला. एक मॅप जिंकायला १६ ऐवजी १३ फेऱ्या झाल्या, म्हणजे चूक सावरायला वेळ कमी. त्याच्या वर्षभर आधीच ऑपच्या मॅगझिनमधल्या गोळ्या १० वरून ५ वर आल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिंपल खेळायचा थांबला. २०२४ मध्ये फाल्कन्स संघाकडे आला पण तिथे त्याचं थोड्याच आठवड्यांत संपलं. २०२५ च्या ऑस्टिन मेजरला फेझ संघाकडून उसना खेळाडू म्हणून आला, ट्रॉफीपर्यंत पोचला नाही. नव्या खेळात त्याचं नाव घेता येईल असं अजून काही घडलेलं नाही.

झायवू मात्र त्याच खुर्चीत बसून राहिला आणि त्याच्या भोवतीचं सगळं बदललं. आधी फ्रेंच संघ होता. २०२२ मध्ये अ‍ॅस्ट्रॅलिसचेच डुप्री, मॅजिस्क आणि प्रशिक्षक झोनिक आले. मग वेगवेगळ्या देशांतली मुलं. एपेक्स हा फ्रेंच सहकारी तेवढा कायम. या प्रत्येक संघात, जुन्या खेळात आणि नव्या खेळात, झायवू एचएलटीव्हीच्या पहिल्या तिघांबाहेर गेला नाही. २०२३ ला पॅरिसमध्ये, घरच्या लोकांसमोर, जुन्या खेळाचा शेवटचा मेजर त्याने जिंकला. २०२५ मध्ये व्हिटॅलिटीने सलग सात स्पर्धा घेतल्या, त्यातला सातवा ऑस्टिनचा मेजर. डिसेंबरमध्ये बुडापेस्टचा मेजरही त्यांचाच. पॅरिस आणि ऑस्टिन, दोन्हीकडे स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू झायवू. सिंपलची अशी एकूण २१ पदकं होती, तोही आकडा त्याने २०२५ मध्येच मागे टाकला.

प्रतिस्पर्धी संघ सात वर्षं एकाच माणसाला रोखायचे बेत आखतायत, नियम बदलतायत, शेजारचे बदलतायत, आणि तो तसाच आहे. ऑस्टिनचा अंतिम सामना बघताना मला हे पटलं. सिंपलची चाहत कमी झाली नाही, पण पहिलं नाव बदललं.

माझा भाचा अकरावीत आहे. त्याला हे काही मान्य नाही. त्याच्या मते वाद संपलाय, कारण डाँक आहे. रशियाचा हा मुलगा २००७ मध्ये जन्मला. २०२४ मध्ये १७ व्या वर्षी तो जगात पहिला ठरला आणि शांघाय मेजरमधला सर्वोत्तम खेळाडूही. ऑप नाही, रायफल घेऊन सरळ अंगावर जाणारा. त्याचं २०२४ हे कुणाच्याही सर्वोत्तम वर्षाशेजारी ठेवता येईल, इतपत मी भाच्याशी सहमत आहे. सात वर्षांचा हिशोब मात्र सात वर्षांनीच होईल.

तर तुम्ही ठरवताय तेव्हा एवढं करा. ऑप शिकायची असेल तर डिव्हाइसचे २०१८ मधले न्यूकवरचे सामने लावा आणि फक्त तो मागे कधी सरकतो ते बघा. एका माणसाला या खेळात जास्तीत जास्त काय करता येतं ते बघायचं असेल तर सिंपलचं २०१८ आणि २०२१. ग्रुपवर एकच नाव लिहायचं असेल तर माझं मत झायवू. आणि समोरून कुणी ‘पण सिंपलची ती कॅशवरची उडी?’ असं लिहिलं, तर वाद घालू नका. तो व्हिडिओ पुन्हा एकदा लावा, मीही लावतो.