अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ते उलुरू : एका दिवसाची बससहल

नकाशावर शेजारी दिसणारे अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे ऑस्ट्रेलियातील शहर उलुरू या अवाढव्य शिळेपासून रस्त्याने सुमारे ४५० किलोमीटरवर आहे, म्हणजे रत्नागिरीहून पणजीला जाऊन जवळजवळ परत यावे इतके. हे माहीत असूनही आम्ही रत्नागिरीच्या चौघांनी जुलैमध्ये एका दिवसाची मार्गदर्शित बससहल घेतली. पहाटे निघून मध्यरात्री परतलो. वाळवंट म्हणून स्वेटर नेले नव्हते आणि पहाटे चांगलीच हुडहुडी भरली.

बस उत्तम होती. वाटेत सपाट माथ्याचा माउंट कॉनर दिसताच, आमच्याकडचा एखादा सडा, म्हणजे कातळाचे पठारच, उचलून ठेवल्यासारखा, निम्म्या बसने तोच उलुरू समजून फोन बाहेर काढले.

खरा उलुरू जमिनीपासून ३४८ मीटर उंच असून त्याचा घेर ९.४ किलोमीटर आहे. वालुकाश्मातील लोह गंजल्याने त्याला तांबडा रंग आला आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरांत वाढलेल्या आम्हाला हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. काटा जुटा या जवळच्या खडकसमूहाचे ३६ घुमट मात्र घाईघाईत उरकले गेले.

सहलीचे पैसे वसूल झाले ते मुटिजुलू पाणवठ्याजवळ. तेथे एका अनांगू, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातील, आजींनी कुनिया अजगरीण आणि विषारी साप लिरू यांच्या लढाईची कथा पिटजन्टजाटजारा भाषेत सांगितली, दुभाष्याने ती इंग्रजीत आणली आणि कड्यावरच्या ज्या खुणा आम्ही नुसत्या भेगा समजत होतो, त्यांतून ती लढाई दिसू लागली. पुढचे विचारल्यावर, तो भाग बाहेरच्यांना सांगायचा नसतो, असे शांतपणे उत्तर आले. काही ठिकाणी छायाचित्रेही काढायची नाहीत. ज्या कोकणात देवरहाटीतली, म्हणजे देवराईतली, वाळकी काटकीही कोणी उचलत नाही, तेथल्या माणसाला हे उत्तर खटकू नये. आमच्या बसमधील काहींना ते खटकले, हे नमूद करतो. ही जमीन १९८५ मध्ये अनांगूंना कायदेशीररीत्या परत मिळाली, पण शिळेवर चढण्यास बंदी २६ ऑक्टोबर २०१९ पासूनच आली. चढणाऱ्यांच्या पायांनी घासलेला फिकट पट्टा अजून दिसतो. आमच्या सड्यांवरील कातळशिल्पांवरून आपण किती सहज चालत जातो, ते तेव्हा आठवले.

तक्रार आहे ती वेळेच्या वाटपाची. चालकाने ध्वनिक्षेपकावरून तासन्‌तास आकडे ऐकवले, आणि आजींच्या वाट्याला जेमतेम तासभर आला. सूर्यास्ताच्या जागी वाइन आणि खाऊसाठी त्याहून अधिक वेळ राखून ठेवला होता. शाकाहारी जेवण आधी कळवूनही पाव आणि पानांपलीकडे गेले नाही, तेव्हा सोबत चिवडा असावा.

पुन्हा गेलो तर उलुरूजवळच्या युलारा गावी दोन रात्री मुक्काम करू, पायथ्याची सुमारे १० किलोमीटरची फेरी पायी पूर्ण करू आणि अनांगू मार्गदर्शकाची वेळ सर्वांत आधी ठरवू.