डॉमिनिकात एकच दिवस: जहाजाची बस घ्यावी की धक्क्यावरची टॅक्सी?

कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटाला क्रूझ सकाळी आठच्या सुमाराला लागते आणि संध्याकाळी पाच-सहाला निघते. तेवढ्यात गरम पाण्याची कुंडं आणि धबधबे बघायचे तर दोन वाटा आहेत. जहाजावरच पैसे भरून बसची सहल घ्यायची, नाहीतर राजधानी रोझोच्या धक्क्यावर उतरून गाइडचं काम जाणणाऱ्या टॅक्सीवाल्याला दिवसभरासाठी ठरवायचं. मी दोन्ही केलंय. पहिल्यांदा बायको आणि मी बसने गेलो, दुसऱ्यांदा चिपळूणहून आमच्याकडे न्यू जर्सीला आलेल्या आई-बाबांना घेऊन टॅक्सीने. ओळखीच्या दोन-तीन घरांत सध्या हाच प्रश्न चाललाय, म्हणून सविस्तर लिहितो.

भाड्याची गाडी हा तिसरा पर्याय मी धरतच नाही. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं, पण तात्पुरता परवाना काढा, अरुंद घाटात समोरून बस आली की मागे घ्या, यात दिवसाचा मोठा भाग जातो. बॉइलिंग लेकचंही तसंच. साठेक मीटर रुंदीचं ते उकळतं तळं बघायला डोंगरातून जाऊन-येऊन सहा तास तरी चालावं लागतं. बेटावर मुक्काम असेल तर जरूर जा, जहाजाच्या दिवशी नको.

जागा दोन्हीकडे साधारण त्याच. रोझोच्या मागे जी दरी आहे तिच्यात वॉटन वेव्हनची गंधकाची कुंडं, ट्राफल्गरचा जोड धबधबा, आणि वर लोदा गावाजवळ तितू गॉर्ज ही घळ. थोडं लांब, बेटाच्या मधोमध, एमराल्ड पूल हा धबधब्याखालचा डोह. तेव्हा कुणाला काय बघायला मिळतं हा प्रश्न नाही. तिथे किती वेळ थांबता येतं, आणि तो वेळ कोण ठरवतं, हा आहे.

बसची बाजू आधी सांगतो, कारण ती लंगडी नाही. जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज आपल्या लोकांसाठी थांबतं. टॅक्सीने गेलात तर थांबत नाही. परक्या बेटावर पासपोर्ट आणि औषधं जहाजात असताना ही खात्री छोटी नाही, आणि पहिल्या खेपेला आम्ही बस घेतली ती याचसाठी. आमची गाइडही उत्तम होती. 750 चौरस किलोमीटरच्या या बेटावर 9 जागते ज्वालामुखी आहेत, व्हॅली ऑफ डेसोलेशन नावाच्या तिथल्या दरीत 1880 आणि 1997 मध्ये वाफेचे स्फोट झाले होते, हे मी तिच्याकडूनच ऐकलं. 18 सप्टेंबर 2017 च्या रात्री मारिया वादळ आलं, तेव्हा तिच्या घराचं छप्पर गेलं होतं. सकाळी दार उघडलं तर समोरचा हिरवा डोंगर तपकिरी झाला होता, एका झाडाला पान उरलं नव्हतं, असं ती सांगत होती तेव्हा बसमध्ये कुणी हललं नाही. असं सांगणारं माणूस टॅक्सीतही मिळेलच असं नाही.

आता माझं मत ज्या गोष्टीमुळे फिरलं ती.

कार्यक्रमात वॉटन वेव्हनच्या कुंडांसाठी पाऊण तास दिला होता. बस थांबली, आम्ही वीस-बावीस जण उतरलो आणि कपडे बदलायच्या दोन खोल्यांसमोर रांग लागली. बायकांची रांग लांब. माझी बायको आत जाऊन कपडे बदलून बाहेर आली तोवर वीस मिनिटं गेली होती. मग पाण्यात उतरायचं. हे पाणी एकदम अंगावर घेण्यासारखं नसतं. पाय बुडवून बसावं लागतं, मग गुडघे, मग हळूहळू कंबर. कुठे गळ्याएवढ्या पाण्यात अंग सैल पडायला लागलं, तोच गाइडची हाक आली: दहा मिनिटांत सगळे बसमध्ये. परत तीच रांग. ओल्या अंगावर कपडे चढवून आम्ही बसलो, गाइडने माणसं मोजली, एक कमी भरला, पुन्हा मोजली. पाण्यात आम्ही किती वेळ होतो? घड्याळ लावलं नव्हतं, पण पंधरा मिनिटांच्या वर नक्की नाही. गाइडची यात चूक नव्हती, तिला पुढच्या ठिकाणची वेळ गाठायची होती.

धबधबा पंधरा मिनिटांत बघून होतो. गरम कुंडाचं तसं होत नाही. तिथे पाण्यात बसायचं, बाहेर येऊन दगडावर वारा घ्यायचा, पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला कुठे पाठ मोकळी होते. ती दुसरी वेळच बसमध्ये मिळाली नाही, आणि जहाजावर परतल्यावर राहून राहून तेवढंच मनात येत होतं.

त्याच संध्याकाळी आणखी एक लक्षात आलं. बायकोची चांदीची जोडवी काळी पडली होती. गंधकाचं पाणी चांदीला लागलं की असं होतं. घासून ती निघाली, पण उतरण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. इतक्या माणसांत तेवढं एकेकाच्या हातापायांकडे बघणं होत नाही, हे मला समजतं.

दोन वर्षांनी आई-बाबा आले. सॅन हुआनहून निघणारी क्रूझ घेतली; ते पोर्टो रिकोत, अमेरिकेच्याच ताब्यातल्या बेटावर, म्हणजे तिथपर्यंतचा विमानप्रवास देशांतर्गतच राहतो. भारतीय पासपोर्टवर डॉमिनिकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही; जहाज ज्या इतर बेटांवर थांबतं त्यांचं मात्र वेगवेगळं पाहून घ्यायला हवं. या वेळी मी बसचा विचार सोडला तो मुख्यत: आईमुळे. ती पोहण्याचे कपडे घालणार नाही, सलवार-कुर्त्यातच पाण्यात उतरणार. ओला सुती कुर्ता बदलायला सत्तरीच्या बाईला किती वेळ लागतो हे घरात सगळ्यांना माहीत असतं, आणि बाहेर दारावर कुणी टकटक करत असताना तर हातच चालत नाहीत.

धक्क्यावर गर्दी होते, चार-पाच जण एकदम विचारायला येतात. गाडीच्या नंबरात सुरुवातीला एच आहे का ते बघा, तिथल्या परवानाधारक टॅक्सींची ती खूण. भाव ठरवताना तीन गोष्टी तोंडाने बोलून घ्या. डॉलर अमेरिकन की पूर्व कॅरिबियन? एका अमेरिकन डॉलरला 2.70 पूर्व कॅरिबियन डॉलर असा बांधलेला दर आहे, म्हणजे हा फरक लहान नाही. पैसे माणशी की गाडीचे? आणि प्रत्येक ठिकाणचं प्रवेश-तिकीट त्यात धरलंय का? चौथी गोष्ट मी पहिल्या दोघांशी बोलल्यावर शिकलो: गाडी फक्त आपली आहे ना? काही जण व्हॅन भरेपर्यंत थांबवून ठेवतात आणि मग आठ-दहा अनोळखी माणसांबरोबर तुम्ही पुन्हा छोट्या बसमध्येच बसलेले असता. हे सगळं बोलायला आम्हाला पंधरा-वीस मिनिटं लागली. ज्यांना घासाघीस जड जाते त्यांना सकाळी सकाळी हे नकोसं वाटेल, ते मला मान्य आहे. आम्हा चौघांचे मिळून पैसे बसच्या चार तिकिटांपेक्षा थोडे कमीच झाले. दोघंच असतो तर बहुधा जास्त झाले असते.

ज्याच्याशी जमलं तो पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. गाडी सुरू करायच्या आधी त्याने मागे वळून आईच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, चांदीचं काही असेल तर आत्ताच पिशवीत टाका. तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

त्याने क्रमही बदलला. सगळ्या बस आधी ट्राफल्गरला जातात, आपण सरळ वर जाऊ, म्हणाला. लोदाच्या वर फ्रेशवॉटर लेक आहे, ज्वालामुखीच्या मुखातलं तळं. तिथे धुकं इतकं होतं की पाणी दिसायला थांबावं लागलं, आणि थांबता आलं. बाबांना जानेवारीतही आंबोलीचा पावसाळा आठवला. मग तितू गॉर्ज. उंच काळ्या कड्यांमधली ती चिंचोळी घळ पोहत पार करायची आणि आतला धबधबा गाठायचा. पाणी बर्फासारखं. मी एकटाच गेलो. आई-बाबा बाहेर, घळीच्या तोंडाशी कड्यावरून गरम पाण्याची धार पडते तिच्याखाली पाय धरून उभे होते. मी कुडकुडत आलो आणि त्याच धारेखाली शिरलो.

ट्राफल्गरला पोचलो तेव्हा शेवटची बस निघत होती. गाड्या थांबतात तिथून मचाणापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची सोपी पायवाट आहे, गुडघे कुरकुरत असले तरी जमते. समोर दोन धबधबे: डावीकडचा उंच, सुमारे 38 मीटरचा, त्याला फादर म्हणतात; उजवीकडचा सुमारे 23 मीटरचा, ती मदर. गरम झरा फादरच्या बाजूला, तिथले दगड लोहाने नारिंगी झालेत. मदरचं पाणी गार. ड्रायव्हरने हे सांगितल्यावर आई लगेच म्हणाली, "म्हणजे इथेही बाप तापट आणि आई शांत." खालच्या गरम डबक्यांपर्यंत जायचं तर मोठाले शेवाळलेले दगड ओलांडावे लागतात. ते म्हाताऱ्या माणसांनी करू नये, आणि तरुणांनीही गाइडचा हात धरूनच करावं.

जेवायला तो रस्त्याकडेच्या एका घरगुती खानावळीत घेऊन गेला. अळूच्या पानांचं नारळाच्या दुधातलं कालालू, बरोबर उकडलेले कंद, केळी आणि नीरफणस. कंदांना तिथे प्रोव्हिजन्स म्हणतात. आईने ताटातला एक तुकडा उचलून सोलला, वास घेतला आणि म्हणाली, ही अळकुडीच. मांस-मासे न घातलेलं काय आहे, हे ड्रायव्हरने आत जाऊन विचारून ठेवलं होतं. बसच्या सहलीत फळांची बशी आणि रम पंच मिळालं होतं; वाईट नव्हतं, पण शाकाहारी माणसाचं पोट त्यावर भागत नाही.

वॉटन वेव्हन त्याने शेवटी ठेवलं होतं. इथून धक्का वीस-पंचवीस मिनिटांवर, त्यामुळे जहाज चुकायची भीती उरत नाही, हा त्याचा हिशेब. दुपारी अडीचला कुंडांवर आम्ही चौघं आणि एक फ्रेंच जोडपं, एवढीच माणसं. राखाडी, दुधासारखं गढूळ पाणी, कुजक्या अंड्याचा तो ओळखीचा वास, कडेला बांबू आणि मोठ्या पानांचे नेचे. चिपळूणच्या माणसांना उन्हाळं, म्हणजे गरम पाण्याचे झरे, नवीन नाहीत. तुरळ, आरवली, राजवाडी आमच्या रस्त्यावरचीच. पण कोकणात पाणी जमिनीच्या खोल भेगांतून तापून वर येतं, इथे खाली ज्वालामुखीच जागा आहे. शेजारच्या ओढ्याच्या काठी जमिनीतून वाफ फुसफुसत होती. बाबा कितीतरी वेळ तिथेच उकिडवे बसून बघत राहिले.

आई तीनदा पाण्यात उतरली. पहिल्यांदा पोटऱ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत, तिसऱ्यांदा मान मागे दगडाला टेकून डोळे मिटून. मधल्या वेळात ती पायरीवर बसून शहाळ्याचं पाणी पीत होती. कपडे बदलायला तिला पंचवीस मिनिटं लागली आणि दारावर कुणी आलं नाही. ड्रायव्हर गाडीच्या मागच्या सीटवर जुना टॉवेल अंथरून बाहेर उभा होता. आम्ही साडेचारला धक्क्यावर, जहाज सहाला.

यात नशिबाचाही भाग आहे, हे मी जाणतो. त्या दिवशी बंदरात आमचं एकच जहाज होतं. दोन-तीन मोठी जहाजं असतील तर कुंडांवर दुपारीही गर्दी असेल. ड्रायव्हर बडबड्या किंवा घाईचा निघू शकतो. एकटं फिरणाऱ्याला टॅक्सी महाग पडेल. आणि जहाज दुपारी दोन-तीनलाच निघणार असेल तर मीही बसच सुचवीन, कारण तेव्हा ते थांबण्याचं आश्वासन खरंच मोलाचं. बस घेतलीत तर एवढं करा: कपड्यांच्या आत पाण्यात जायचे कपडे घालूनच निघा, तेही गडद रंगाचे, फिकट कापडाला तिथल्या पाण्याचा डाग बसतो. रांगेतली निम्मी मिनिटं तरी वाचतील.

येत्या फेब्रुवारीत सासू-सासऱ्यांना घेऊन पुन्हा जातोय. त्या ड्रायव्हरचा नंबर मी जपून ठेवला होता. जहाजाचं नाव, तारीख आणि "चौघं, दोन ज्येष्ठ, कुंडं शेवटी" एवढं त्याला कळवलंय.